व्हिस्की चाखण्याआधी जीभ कशी तयार करायची, आणि त्याच रात्री सावजी असेल तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी संध्याकाळी नागपुरात घरीच चौघं मित्र बसणार, पॉल जॉन ब्रिलियन्स, अमृत फ्यूजन आणि लाफ्रॉयग अशा तीन सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून केलेल्या व्हिस्की) चाखणार, आणि रात्री सावजी मटण सांगून ठेवलंय. जीभ आधी कशी तयार करायची, मधे काय खायचं, कॉफीच्या बिया हुंगायच्या की पुदिना चघळायचा?

आधी जेवणाचा क्रम पक्का करा. व्हिस्की आधी, सावजी नंतर. यात तडजोड नको. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना जाऊन चिकटतं, ते मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतात. साधारण ४२ अंशांच्या वरचं काही लागलं की ते ‘भाजलं’ म्हणून मेंदूला कळवतात. दारूतलं अल्कोहोल त्याच संवेदकांवर काम करतं आणि ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाच्याही खाली. पाणी न घालता घेतलेली व्हिस्की जळते ती यामुळे. आता सावजीनं आधीच पेटवलेल्या तोंडात ५० टक्के अल्कोहोलची फ्यूजन ओतली तर काय होईल ते सांगायला नको. जाळ तेवढा कळेल, बाकी पैसे पाण्यात.

बरं, पाण्यानं ते धुतलंही जात नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध-दह्यानं आग शमते, कारण दुधातलं केसिन ते ओढून घेतं. पण मग जिभेवर स्निग्धाचा थर बसतो आणि त्याखाली माल्टची चव दबते. म्हणून शनिवारी सकाळी तर्री-पोहे खायचे असतील तर खुशाल खा, दुपारपासून मात्र साधं ठेवा. पाचच्या सुमारास फोडणी न घातलेला वरण-भात खाऊन घ्या. रिकाम्या पोटी बसू नका, दुसऱ्या ग्लासातच डोकं जड होतं आणि मग चव कोण बघतो!

जीभ ‘साफ’ करायचा एखादा पदार्थ असतो आणि तो मधेमधे खाल्ला की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. दोन घोटांच्या मधल्या उपायांनी फार फरक पडत नाही, आधीच्या चार-पाच तासांत तोंडात आणि नाकात काय गेलं यानं पडतो. आवळा खाऊन पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोंड मागचं असं धरून ठेवतं. टूथपेस्टचंही तेच. तिच्यातला फेस आणणारा घटक गोड चव दाबतो आणि कडू चव वर काढतो, वर पुदिन्याचा मेन्थॉल थंडीचे संवेदक चेतवतो. त्यामुळे बसायच्या आधी तास-दीड तास ब्रश नको, माउथवॉश नको, बडीशेप-वेलची नको आणि तुमचा तो पुदिनाही नको. कोणी शुगरसाठी गुडमारची पूड घेत असेल तर त्याला त्या संध्याकाळी चाखायला बसवण्यात अर्थ नाही. गुडमार चघळल्यावर निदान अर्धा तास साखरही मातीसारखी लागते, तिथे व्हिस्कीतला मध-व्हॅनिला कुठून कळणार?

आता खर्रा, म्हणजे सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेलं मिश्रण. नागपुरात चौघं जमले आणि त्यात खर्रेवाला नाही, असं मला तरी फारसं दिसत नाही. सुपारीतलं टॅनिन तोंड कोरडं आणि तुरट करतं, चुना आतली त्वचा सोलवटतो आणि तंबाखू चव-वासाची धार बोथट करते. रोजच्या खाणाऱ्यानं एक दुपार सोडल्यानं जीभ नवी होत नाही. पण निदान समोरच्याला खर्रा घोटल्याचा वास सोसावा लागत नाही. आणि त्याला साध्या भाजीनंही तोंड भाजत असेल किंवा तोंड पूर्वीसारखं पूर्ण उघडत नसेल, तर व्हिस्की राहू द्या, आधी दंतवैद्याकडे न्या. सुपारीनं होणाऱ्या विकाराची ही लक्षणं असतात, आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

जिभेइतकंच, खरं तर जास्तच, नाक सांभाळा. जीभ गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच सांगते; फळ, धूर, लाकूड, मसाला हे सगळं नाकाचं काम. आणि इथे आपला उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात घरोघरी कूलर. त्यात वाळ्याच्या ताट्या असल्या की अख्ख्या खोलीत ओल्या मातीचा, मुळांचा वास भरतो. एरवी मला तो वास अत्तरापेक्षा आवडतो. पण त्या खोलीत लाफ्रॉयग हुंगली तर तिच्यातला मातकट भाग कोणता आणि कूलरचा कोणता, हे देवही सांगू शकणार नाही. एसीची खोली असेल तर तिथे बसा. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, डिओ, बेला-मोगऱ्याचे गजरे, सगळं त्या खोलीबाहेर.

एका फेब्रुवारीत आम्ही मित्राच्या गच्चीवर बसलो होतो. एक जण प्रत्येक ग्लासाला ‘यात संत्र्याची साल आहे’ म्हणत होता, आणि एवढ्या खात्रीनं की दोघांना तोच वास यायलाही लागला. त्याचे हात बघितले तर नखांच्या कडेला पिवळं. आल्या आल्या त्यानं टोपलीतली दोन संत्री सोलून खाल्ली होती. सालीतलं तेल बोटांना लागलेलं, आणि ग्लास धरला की बोटं थेट नाकाखाली! बेसनानं हात धुऊन आल्यावर त्याच ग्लासात त्याला चक्क गूळ सापडला. तेव्हा संत्रं असो की आंबा, हात धुतल्याशिवाय ग्लास हातात देऊ नका. ग्लासही आदल्या दिवशी धुऊन ठेवा. कपाटात उपडे ठेवलेल्या ग्लासांत लाकडाचा नाहीतर डांबरगोळ्यांचा वास कोंडतो, म्हणून आयत्या वेळी परत साध्या पाण्यानं विसळायचे.

मधे खायला बिनमिठाचे साधे मुरमुरे, नाहीतर लोणी न लावलेला पाव. बस. चकना म्हणून मसाला शेंगदाणे, चिवडा, चीज मांडलंत तर तुम्ही चकनाच चाखाल. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं, भरपूर. आपल्या उन्हाळ्यात तोंड लवकर कोरडं पडतं, आणि लाळेशिवाय चव लागत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर त्या दिवशी बाटलीबंद आणा. बर्फ नको, थंडीनं जीभ बधिरते. पण आपल्याकडे ‘खोलीचं तापमान’ म्हणजे दुपारी ३८ अंशही असू शकतं, आणि तेवढ्याला अल्कोहोलच्या वाफा नाकात भसकन घुसतात. बाटल्या तासभर आधी एसीच्या खोलीत नेऊन ठेवा, फ्रीजमध्ये नको.

कॉफीच्या बियांचं म्हणाल तर तो अत्तराच्या दुकानातला रिवाज आहे. ते तपासूनही पाहिलं गेलंय, आणि साध्या हवेपेक्षा कॉफीचा काही जास्त उपयोग दिसला नाही. नाक थकलं की ग्लास खाली ठेवा, स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू किंवा शर्टाची बाही हुंगा, दोन मिनिटं गप्पा मारा.

पहिला घोट चवीचा हिशेब करायला घेऊ नका. चमचाभर घ्या, तोंडात फिरवा, गिळा. तोंडाला अल्कोहोलची ओळख होऊ द्या, खरी चव दुसऱ्या घोटात लागते. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवलं तर नाकाला झोंबत नाही.

क्रम ब्रिलियन्स, फ्यूजन, लाफ्रॉयग असाच ठेवा. ब्रिलियन्स गोव्याची, ४६ टक्के, धूर अजिबात नाही. फ्यूजन ५० टक्के म्हणून ती शेवटी असावी असं वाटेल, पण तिच्यात भारतीय सातूबरोबर पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर सुकवलेलं स्कॉटिश सातू थोडंच आहे. लाफ्रॉयग आयला बेटाची. तिचा धूर एकदा तोंडात बसला की मागून आलेल्या कशालाच जागा देत नाही. फ्यूजन जळते वाटली तर २० मिलीत चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घाला. ५० चे बरोबर ४० टक्के होतात. एकेका ग्लासात २० मिलीच्या वर ओतूच नका. मधे थुंकायला वाटी ठेवलीत तरी कोणी हसणार नाही. चाखणाऱ्यांत ती पद्धतच आहे.

जाता जाता दोन सरकारी गोष्टी: महाराष्ट्रात व्हिस्कीला वय २५ आणि परवाना लागतो, आणि कोणी वर्ध्याहून येणार असेल तर उरलेली बाटली त्याच्या पिशवीत घालू नका, तिकडे दारूबंदी आहे.

मग नऊच्या पुढे सावजी उघडा. जेवताना कोणाला आणखी थोडी हवी असेल तर लाफ्रॉयगच द्या, तिचा धूर त्या रश्श्यापुढे थोडाफार टिकतो. ब्रिलियन्सची बाटली मात्र तोवर कपाटात गेलेली बरी.