पालकांचे प्रश्न : मूल अठरा वर्षांचे झाल्यावर सही कोणाची?

प्रश्न : माझी मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे. येत्या श्रावणात तिला अठरा वर्षे पूर्ण होतील. तिच्या नावाच्या बचत खात्यावर आजवर माझी सही चालत होती. आता शाखेने पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले आहे. मी तिचा जन्मदाता असताना हे वेगळे प्रमाणपत्र कशासाठी? आणि आम्हा दोघांच्या पश्चात तिचे कोण पाहणार, या विचाराने तिच्या आईला रात्र रात्र झोप लागत नाही. — एक पिता, सांगली जिल्हा

उत्तर : शाखेने मागितले ते नियमाला धरूनच आहे, फक्त ते कोठून मिळते हेही त्यांनी सांगायला हवे होते. आई-वडील हे मुलाचे नैसर्गिक पालक असतात, पण ते मूल सज्ञान होईपर्यंतच. अठरा पूर्ण होताच आपली मुलगी कायद्याच्या नजरेत स्वतंत्र सज्ञान व्यक्ती होते आणि तिच्या वतीने सही करण्याचा आपला अधिकार आपोआप संपतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतील व्यक्तींसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने याची सोय केलेली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात राष्ट्रीय न्यासाकडे (या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेकडे) नोंदणी असलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. या समितीने दिलेले कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवलेले आहे. त्यामुळे यासाठी दिवाणी न्यायालयात जाण्याची किंवा वकिलाला मोठे शुल्क देण्याची गरज नाही.

अर्जासोबत मुलीचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, आपला रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्रे तयार ठेवावीत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जुन्या कागदी स्वरूपात असेल तर आधी युडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे देशभर चालणारे ओळखपत्र) करून घ्यावे, कारण आता जवळजवळ प्रत्येक खिडकीवर तेच मागतात. समिती मुलीला समक्ष पाहू शकते, म्हणून तिला नेहमी शांत ठेवणारी वस्तू बरोबर असू द्यावी आणि शक्यतो सकाळची वेळ मागून घ्यावी. तिला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास नेमकी कोणत्या कामांसाठी, याचा विचार करणे हे समितीचे कर्तव्यच आहे. तेव्हा तिथे विचारलेले प्रश्न म्हणजे आपल्यावरचा अविश्वास, असे कृपया मानू नये.

प्रमाणपत्र हाती पडले की काम संपले, असे समजून अनेकजण ते कपाटात ठेवून देतात. वास्तविक नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत मुलीच्या मालमत्तेची यादी, आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. पालक हा मालमत्तेचा सांभाळ करणारा असतो, मालक नव्हे. पालक दुर्लक्ष करतो किंवा मालमत्तेचा अपहार करतो असे दिसले, तर त्याला दूर करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. भावकीत जमिनीचे वाद असलेल्या घरांनी हे कलम आवर्जून लक्षात ठेवावे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आई-वडीलच नव्हे, तर नातेवाईक किंवा न्यासाकडे नोंदणी असलेली संस्थाही पालक होऊ शकते. आपल्या मुलाने बहिणीची जबाबदारी घ्यावी अशी आपली इच्छा असेल, तर ती गृहीत न धरता त्याच्याशी, आणि त्याचे लग्न झालेले असल्यास सुनेशीही, आत्ताच स्पष्ट बोलावे. घर किंवा ठेव थेट मुलीच्या नावे करण्यापूर्वी मृत्युपत्र आणि खासगी विश्वस्त व्यवस्था यांबद्दल जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. हा खर्च मात्र टाळू नये. निवासी व्यवस्थेचा विचार असल्यास, बदलापूरची ‘आधार’ ही अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली संस्था आहे, ती एकदा पाहून यावी. कोणतीही संस्था पाहताना कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी तिथे असावे, स्वच्छतागृहे पाहावीत आणि रात्रपाळीला किती माणसे असतात ते विचारावे.

न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही आणि नियमित उपचारपद्धतींचा काही खर्चही त्यात येतो. त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि बहुतेकांचा विमा नेमका तिथेच बंद पडतो. उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा.

एवढे सांगूनही माझे मत असे आहे की, आपल्या पत्नीला या क्षणी कोणत्याही योजनेपेक्षा दुसऱ्या चार आयांची गरज जास्त आहे. मुलगी ज्या विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत जाते, तिथे पालकसभा होत असेलच. होत नसेल तर मुख्याध्यापकांकडून इतर पालकांची संमती घेऊन आपणच पहिली सभा बोलवावी. समितीसमोर कोणता कागद अडतो, कोणत्या दंतचिकित्सकाला अशी मुले हाताळता येतात, ही माहिती शासनाच्या कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. झोप न लागणे दोन-तीन आठवड्यांहून अधिक चालले, तर ‘टेलिमानस’ या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

प्रश्न : माझा मुलगा वारला, सून माहेरी गेली ती परत आली नाही. दोन नातवंडे माझ्याजवळ आहेत. ‘आता त्यांना आश्रमशाळेत टाक,’ असे गावातले लोक म्हणतात. मला ती घरीच हवी आहेत, पण मजुरीवर भागत नाही. — एक आजी, लातूर जिल्हा

उत्तर : आजी, मुले आपल्याजवळच राहावीत यासाठीच राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही नसलेल्या, किंवा ज्यांचे पालक त्यांना सांभाळू शकत नाहीत अशा अठरा वर्षांखालील मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवता यावे, म्हणून तिच्यातून प्रत्येक मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यावा. आपल्या मुलाचा मृत्यूचा दाखला, नातवंडांचे आधार, शाळेचा बोनाफाईड दाखला, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक बरोबर न्यावे. त्यानंतर गृहचौकशीसाठी कर्मचारी घरी येतील आणि मंजुरी बालकल्याण समिती देईल. सुनेविषयी विचारतील, तेव्हा जे आहे तेच सांगावे. ती हयात आहे म्हणून अर्ज बाद होत नाही.

या अर्जाला शुल्क नाही. मोबाइलवर फिरणारे ‘इतके हजार मिळतील, फॉर्म भरून देतो’ असे संदेश आणि ते दाखवून पैसे मागणारी माणसे यांना दारातूनच परत पाठवावे. गावच्या अंगणवाडीसेविकेला बरोबर घेतले, तर कार्यालयातील फेऱ्या कमी होतील. मुलांना कोणी पळवून नेईल, मारहाण करील अशी भीती असल्यास मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या 1098 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही दूरध्वनी करता येतो.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी एकही शब्द बोलत नाही. सासूबाई म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला, थांब जरा.’ थांबावे का? — एक आई, नाशिक

उत्तर : थांबू नये. कदाचित सासूबाईंचे म्हणणे खरेही ठरेल, पण ते तपासणीनंतर ठरावे. सर्वप्रथम कानांची तपासणी करून घ्यावी, कारण कमी ऐकू येणारे मूल खेळते, हसते, हाक मारली की कधी कधी वळतेही, आणि त्यामुळे घरच्यांच्या लक्षात काही येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेट जाता येते. तिथे बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि गरज पडल्यास वाचा-उपचार विनामूल्य मिळतात. जाताना सासूबाईंनाही बरोबर न्यावे. दिवसभर मूल त्यांच्याजवळ असेल, तर तज्ज्ञांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडेच असतील, आणि घरी करायचे व्यायाम त्यांनाही तिथेच शिकता येतील.