कंपनीचा स्टिरिओ आणि सबवूफर

प्रश्न : माझ्या हॅचबॅकमध्ये कंपनीचाच टचस्क्रीन स्टिरिओ आहे. ढोलकी ऐकू येते, पण ठेका अंगात भिनत नाही. स्टिरिओ न बदलता सबवूफर, म्हणजे खास खर्जाचा स्पीकर, बसेल का? मागे त्यासाठी वेगळी पिन नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : बसेल की! पिन नसली म्हणून अडत नाही. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला, ‘हाय लेव्हल इनपुट’वाला सीटखालचा सबवूफर घ्या. तो मागच्या स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल उचलतो. डिकी मोकळी राहते. मात्र बारा इंची पेटीचा दणका त्याच्याकडून मागू नका. वायरी कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर (वायरी न कापता जोडणारा प्लग) मागा.

खरी गोम वायरिंगमध्ये. पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून घ्यायची आणि फ्यूज बॅटरीजवळच, फार तर दीड फुटावर. काही कारागीर तो सबवूफरशेजारी लावतात, ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक जाते. मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर तो फ्यूज काय कामाचा? अर्थिंग बॉडीच्या पत्र्यालाच, रंग खरवडून धातू उघडा करून. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही.

सबवूफरचा क्रॉसओव्हर (त्याने कुठपर्यंतचा खर्ज वाजवायचा ती मर्यादा) 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा, स्टिरिओतला वाढवलेला बास शून्यावर आणा, मग गेन (सबवूफरच्या सिग्नलची पातळी) हळूहळू वाढवा. फेजचा खटका (सबवूफरचा आवाज बाकी स्पीकरांशी जुळवणारा) दोन्हीकडे करून ड्रायव्हरच्या सीटवरून ऐका. जिकडे ठेका भरीव वाटेल तिकडे राहू द्या. नंबरप्लेट खडखडायला लागली, तर मागे फोमची पट्टी चिकटवा.