रिपोर्टमधलं नाव बदललं म्हणून डॉक्टरवर केस होते का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की २०१४ मध्ये खालच्या जबड्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा रिपोर्टमध्ये 'केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर' लिहिलं होतं, आता त्याच जागी परत गाठ आली तर बायोप्सीत 'ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट' आलंय, म्हणजे आधीच्या डॉक्टरांनी साध्या सिस्टला (पिशवीसारख्या पोकळ गाठीला) ट्यूमर म्हणून घाबरवलं आणि चुकीचं ऑपरेशन केलं, तर त्यांना नोटीस पाठवायची.

या मुद्द्यावर पाठवू नका, तोंडघशी पडाल. दोन्ही नावं एकाच आजाराची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये त्याला ट्यूमरच्या यादीत टाकलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं, त्यामुळे २०१४ चा रिपोर्ट तेव्हाच्या हिशोबाने बरोबरच होता.

गाठ परत आली म्हणजे हलगर्जीपणा झाला असंही नाही. हिचं अस्तर पातळ असतं, काढताना फाटतं, आजूबाजूला तिची बारीक पिल्लं, म्हणजे छोट्या सिस्ट, राहून जातात. म्हणून काही सर्जन गाठ काढल्यावर कार्नॉय सोल्यूशन (उरलेल्या पेशी मारणारं औषध) लावतात, काही भोवतालचं हाड थोडं घासतात, काही आधी गाठीला तोंड पाडून ती आकसू देतात. यातली कुठलीही मान्य पद्धत वापरली असेल तर आताचे डॉक्टर 'मी वेगळं केलं असतं' म्हणाले एवढ्यावर कोर्टात काही सिद्ध होत नाही.

मला खटकलं ते वेगळंच, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. खालचा ओठ तेव्हापासून बधिर आहे आणि नंतर कोणी एक्स-रेला बोलावलंच नाही. जबड्यातून ओठाची नस जाते, तिला धक्का लागू शकतो हे आधी सांगायला हवं होतं, कन्सेंट फॉर्मवर आहे का बघा. पण ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची, ओठाचं तर तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, त्यामुळे तो मुद्दा जवळपास गेलाच. फॉलो-अपचं जरा वेगळं आहे. ही गाठ बहुतेक वेळा पहिल्या ५ वर्षांत परत येते, कधी त्यानंतरही, म्हणून दरवर्षी एक्स-रे काढत राहायचं असतं, आणि ते सांगितलंच नसेल तर गाठ परत आल्याचं कळल्यापासून मुदत मोजा असं म्हणता येईल, समोरचे भांडतील ते भांडतील. मात्र डिस्चार्ज पेपरवर 'दरवर्षी या' लिहिलेलं निघालं तर विषय संपला, आधी तो कागद शोधा!

रेकॉर्डसाठी आजच लेखी अर्ज द्या, ७२ तासांत द्यावं लागतं, पण हॉस्पिटलवर ३ वर्षंच जपून ठेवायचं बंधन आहे, सो तुमच्याकडची फाइल कोणालाही ओरिजिनल देऊ नका. जुनी स्लाइड (तेव्हा तपासलेल्या गाठीच्या तुकड्याची काचपट्टी) मिळाली तर आताच्या पॅथॉलॉजिस्टकडून परत वाचून घ्या. त्यात ॲमेलोब्लास्टोमा (जबड्याचा एक वेगळा, खराखुरा ट्यूमर) निघाला तर मला लगेच कळवा, कारण तो एक्स-रेत असाच दिसू शकतो पण नेहमीच्या प्रकारात भोवतालच्या चांगल्या हाडासकट कापावा लागतो, नुसता खरवडून भागत नाही, आणि मग नोटिशीचा मसुदा पूर्ण वेगळा होईल.