अकरावीला ५४ टक्के, आणि जायचंय बर्कलीला

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. म्हणणं थोडक्यात असं: मिस्टरांची कंपनी त्यांना एल-१ व्हिसावर सॅन होजेला पाठवतेय, ऑगस्टच्या सुमारास सगळेच निघणार. मुलाला दहावीला ९१ टक्के, अकरावीला ५४, बारावीला ६८. त्याला बर्कलीला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. कुठल्याशा साइटवर जीपीए (अमेरिकेतली मार्कांची सरासरी, ४ पैकी) काढला तर २.८४ आला आणि तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. सॅटला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, भरपूर मार्क आणले तर चालेल का, की एक वर्ष थांबावं, हा तुमचा प्रश्न.

आधी तो २.८४ डोक्यातून काढा. टक्क्यांना २५ नं भागून जीपीए निघत नाही. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, शाळेत ७१ टक्के म्हणजे जेमतेम सी, आणि आपल्या बोर्डात ७१ म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी (बर्कली हा तिचाच एक कॅम्पस), मार्कशीटवर जसे मार्क आहेत तसेच भरायला सांगते. आपण रूपांतर करून द्यायचं नसतं.

आता वाईट बातमी. यूसी थेट बारावीनंतर घेताना मुख्यतः दहावी आणि अकरावी या दोन वर्षांचे मार्क मोजते. आणि अकरावी म्हणजे आपल्याकडे काय, हे मी सांगायला नको. क्लासवाल्यांशी टाय-अप असलेल्या कॉलेजात ॲडमिशन, हजेरी कागदावर, सकाळी सातपासून जेईईच्या बॅचेस, वार्षिक परीक्षा आदल्या रात्री वाचून. 'अकरावीचं कोण विचारतं?' इथे तेच विचारतात. सॅटचं म्हणाल तर यूसी ती पाहतच नाही. २०२० साली तसा निर्णय झाला. १५५० आणलेत तरी त्यांच्या अर्जात तो आकडा लिहायला जागा नाही. प्राचार्यांच्या शिफारसपत्राचंही तेच, सहसा मागवतच नाहीत. मार्क, आठपैकी चार प्रश्नांची ३५० शब्दांच्या आतली उत्तरं, आणि शाळेबाहेर काय केलंस याची यादी. झालं.

म्हणून माझं सरळ मत: बारावीवरून बर्कलीच्या कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करण्यात एक वर्ष घालवू नका. कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, घाला आणि दोन वर्षांनी यूसीच्या तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घ्या.

'कम्युनिटी कॉलेज' ऐकल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असेल याची मला कल्पना आहे. माझ्या बहिणीचा तसाच झाला होता. कोल्हापुरात नातेवाइकांना काय सांगायचं, अमेरिकेत पाठवून तिथल्या आयटीआयला घातला म्हणून? पण कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत आणि यूसीची तिसऱ्या वर्षाची भरती मोठ्या प्रमाणात तिथूनच होते. तिसऱ्या वर्षाला घेताना यूसी कॉलेजचे मार्क बघते. तुमच्या मुलाचे ५४ टक्के त्या हिशेबात धरतच नाहीत. कोरी पाटी म्हणतात ती हीच.

तुमच्या बाबतीत तर पैशाचंही गणित जुळतंय. एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, मुलगा इथे शिकू शकतो, आणि एल व्हिसावरच्या कुटुंबाला कॅलिफोर्नियात राहून एक वर्ष आणि एक दिवस झाला की रहिवासी म्हणून फी लागू शकते. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात रहिवाशाला क्वार्टरच्या (तिमाही सत्राच्या) एका युनिटला ३१ डॉलर पडतात; युनिट म्हणजे विषय केवढा आहे ते मोजायचं माप. १५ युनिटं घेतली तर ४६५. पहिल्या वर्षी बाहेरचे म्हणून याच्या कितीतरी पट भरावे लागतील, पण पुढे यूसीत गेल्यावर खरा फरक कळतो: २०२४-२५ ला यूसी बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या फीवर ३४,२०० डॉलर वर्षाला जादा घेत होती. रहिवासी ठरण्यासाठी आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचा करार, बँक खातं, टॅक्स सगळं कॅलिफोर्नियाच्या पत्त्यावर, तारखेसकट जपून ठेवा.

एक मेख लक्षात ठेवा. कम्युनिटी कॉलेजचं पहिलं रेग्युलर सत्र सुरू केलं की तो यूसीच्या लेखी ट्रान्सफर विद्यार्थी होतो. मग नोव्हेंबरात 'फ्रेशमन म्हणूनही (थेट पहिल्या वर्षाला) एक अर्ज टाकून बघू' असं करता येत नाही. एकच काहीतरी ठरवा.

आता माझ्या भाच्याचं सांगतो, कारण 'सोपा मार्ग' असं ऐकून कुणी इकडे येऊ नये. तो एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आला, आमच्याकडे सनीव्हेलला राहिला, बसनं डी अँझाला जायचा. बारावीला ६१, अकरावीचं तर बोलायलाच नको. पहिल्या क्वार्टरला कॅल्क्युलस ५ युनिटं, फिजिक्स ६, इंग्रजी ५. क्वार्टर म्हणजे १२ आठवडे; आपल्याला वाटतं आत्ता तर सुरू झालं, तोवर मिडटर्म येते. फिजिक्सच्या पहिल्या मिडटर्मला ४१ पडले. पोरगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेला, मला म्हणाला, "मामा, ड्रॉप करतो. डब्ल्यू लागला तर जीपीएत धरत नाहीत." बरोबर होतं त्याचं, डब्ल्यू म्हणजे विषय सोडल्याचा शेरा. पण मी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब केला: सोळातून सहा गेले, उरले दहा. एफ-१ ला किमान बारा लागतात. फिजिक्स सोडलं असतं तर व्हिसाच धोक्यात. शेवटी तसाच रेटला आणि सी आला. गंमत अशी की डी आला असता तर तो विषय पुन्हा घेता आला असता. सी म्हणजे पास, तो कायमचा चिकटला.

तुमच्या मुलाला एल-२ वर बारा युनिटांची सक्ती नाही. पण ट्रान्सफरला ९० क्वार्टर युनिटं लागतात, दोन वर्षांत सहा क्वार्टर, म्हणजे दर वेळी १५. सुटका त्यालाही नाही.

यूसीची टॅग नावाची सोय आहे, ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए पूर्ण केला तर प्रवेशाची हमी. ती सहा ठिकाणी चालते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. यातलं एकच निवडायचं, अर्ज १ ते ३० सप्टेंबर. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. शिवाय कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंग अनेक ठिकाणी या हमीतून वगळलेलं असतं, तेव्हा त्या वर्षीची यादी ओळ न् ओळ वाचा. आणि हा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करायचा असल्यामुळे हातात फक्त पहिल्या वर्षाचे मार्क असतात. 'पहिलं वर्ष रुळण्यात जाऊ दे' हे इथे चालत नाही. भाच्यानं पुढच्या दोन क्वार्टरला सगळे ए आणले तेव्हा कुठे तो सी पोटात गेला. डेव्हिसला स्टॅटिस्टिक्सला लागला. बर्कलीनं नाही म्हटलं. दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी डेव्हिसला खोली शोधायला लागला.

कुठला विषय कुठे धरला जातो हे असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर दिसतं. क्लासला नाव घालण्याआधी ते बघायचं. मित्र कुठला क्लास घेतोय ते नंतर.

बर्कलीचंच म्हणाल तर अर्ज जरूर करू द्या, फी सोडून काही जात नाही. पण कॉम्प्युटर सायन्सला ट्रान्सफरनं फार थोडे जातात. आणि दुसऱ्या विषयाला शिरून आत गेल्यावर वळू, हा बेत तर नकोच. हल्ली आतल्यांनाही ते अवघडच आहे.

अकरावीबद्दल लिहायची वेळ आली, म्हणजे इतर कॉलेजांना अर्ज केलात तर, खरं तेच लिहायला सांगा. भाच्याच्या पहिल्या मसुद्यात 'अकरावीत माझी प्रकृती ठीक नव्हती' असं वाक्य होतं. मी विचारलं, "कधी रे? मला तर तुझी आई काही बोलली नाही." गप्प बसला. मग त्यानं लिहिलं की क्लासच्या टेस्टमध्ये नंबर मागे पडत चालला होता, ते घरी सांगायची हिंमत नव्हती, आणि कॉलेजची पुस्तकं मी जानेवारीपर्यंत उघडली नाहीत. हे वाचताना मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा विश्वास वाटला. एजंट 'मार्कशीटचं बघतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात खोट्या कागदांवर शिरलेल्या एका भारतीय मुलाला अटक झाली आणि त्याला परत जावं लागलं.

निघण्याआधी एक काम नक्की करा. नववी ते बारावीच्या मार्कशीटा कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी दोन-दोन प्रती घ्या. अकरावीची आम्हाला मिळता मिळेना. बहिणीनं चार खेपा घातल्या; खिडकीतला क्लार्क दर वेळी म्हणायचा, "बाई, अकरावीचं कशाला पाहिजे? बारावीचं घेऊन जा." पाचव्या वेळी ती डबा घेऊनच गेली आणि तिथल्या बाकावर बसून राहिली. दुपारी तीनला शिक्का मिळाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. एल-२ मुलाला २१ वर्षं पूर्ण होईपर्यंतच राहतो. दोन वर्षं इथे, दोन वर्षं यूसीत, म्हणजे शेवटच्या वर्षात तो एकवीस ओलांडणार. तेव्हा एफ-१ घ्यावा लागेल आणि रहिवासी फी जाऊ शकते. हे यूसीच्या रेसिडेन्सी कार्यालयाला आणि मिस्टरांच्या कंपनीच्या वकिलाला, दोघांनाही आधीच लेखी विचारा. उन्हाळ्यातल्या क्लासनं एखादं क्वार्टर वाचवता येतं, पण त्यानं भागेल का हे तारखेवर आहे. मुलाची जन्मतारीख कळवा, मग क्वार्टरनिहाय मांडून बघतो.