नाटकाच्या परवानगीविषयी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

माघी गणेशोत्सवात गावात नाटक होणार आणि ते बसवण्याची जबाबदारी तुझ्यावर आली, हे वाचून फार आनंद झाला. शेवट थोडा बदलायचा, मध्ये दोन चित्रपटगीते वाजवायची आणि मुंबईच्या चाकरमान्यांना पाहता यावे म्हणून सगळा प्रयोग यूट्यूबवर टाकायचा, असा बेत तू कळवला आहेस; लेखकाचे नाव आधी जाहीर करणारच आहोत, मग अडचण कसली, असेही विचारले आहेस. अडचण आहे, आणि ती तालमींपूर्वीच समजून घ्यावीस. नाव घेणे हे लेखकाचे देणे आहे. परवानगी ही त्याहून वेगळी गोष्ट आहे.

तुझ्या वयाचा असताना आमच्या मंडळाने देवळाच्या सभामंडपात एक तीन अंकी नाटक केले होते. उत्सवाला आलेली माणसे रडत घरी जायला नकोत, म्हणून मी शेवटची चार पाने गाळली आणि मरणाऱ्या नायिकेला जिवंत ठेवले. पंधरा दिवसांनी लेखकाचे पोस्टकार्ड आले. बारीक, सरळ अक्षरात त्यांनी एवढेच लिहिले होते, की विचारले असते तर एक पैसा न घेता परवानगी दिली असती, पण जे नाटक आपण लिहिलेच नाही त्यावर आपले नाव का लावले? ते कार्ड हातात धरून मी पडवीत किती वेळ बसलो होतो, हे अजून आठवते. आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाली, तर हक्क विकून टाकलेल्या लेखकालाही हरकत घेता येते, हे कायद्याचे कलम ५७ मी त्यानंतर वाचले.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांसाठी एक चांगली सवलत आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी, हौशी मंडळाने केलेला प्रयोग हा हक्कभंग ठरत नाही. तुमचा देवळातला विनातिकीट प्रयोग त्यात बसेल. पण ही सवलत प्रयोगापुरतीच आहे. चित्रीकरण करून ते लोकांपर्यंत पोहोचवणे हा वेगळा हक्क आहे आणि त्यासाठी लेखकाची किंवा हक्कधारकाची संमती लागते. गाण्यांचे तर त्याहून अवघड, कारण शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क बहुधा निरनिराळ्या हातांत असतात. चित्रफितीत ती गाणी ठेवू नकोस. गावातल्या पेटी-तबलजीकडून नवे संगीत करून घे.

जुने नाटक निवडलेस तर मार्ग सोपा होतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. चिपळूणला जन्मलेले मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली नाटके १ जानेवारी २०२५ पासून सर्वांना खुली झाली. उलट आपल्या सिंधुदुर्गातले चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ साली गेले, त्यांच्या लेखनाचा हक्क २०३६च्या अखेरपर्यंत राहील. पुस्तक दुकानात मिळत नाही म्हणून ते खुले झाले, असे मात्र कधी समजू नकोस.

दशावताराचा खेळही चित्रित करणार आहात, त्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. पुराणातली कथा कोणाच्या मालकीची नाही, हे खरे. पण रात्रभर उभा राहून, लिखित संहितेवाचून शब्द जुळवणाऱ्या नटाला स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने ५० वर्षांचा हक्क दिलेला आहे. तो पोटासाठी गावोगाव फिरतो. मंडळाच्या मालकाला आणि मुख्य नटांना खेळाआधी भेटून विचारा, चित्रफीत कुठे दिसणार आणि उत्पन्न झाले तर त्यांचा वाटा किती, हे कागदावर लिहून घ्या.

आता नाटकाच्या पुस्तकाचे पहिले पान उघड. प्रयोगाच्या परवानगीसाठी कोणाला लिहायचे, ते बहुधा तिथेच छापलेले असते. लेखक हयात नसतील तर वारसांचा पत्ता प्रकाशकाकडे माग. पत्रात मंडळाचे नाव, तारीख, स्थळ, प्रयोगांची संख्या, तिकीट आहे की नाही, चित्रीकरण कुठे दाखवणार आणि शेवटात नेमका कोणता बदल हवा आहे, हे सगळे स्पष्ट लिही. बदललेली पाने सोबत जोड. लेखी उत्तर येईपर्यंत मूळ शेवटाचेच वाचन चालू ठेव. मसुदा झाला की मला पाठव, मी पाहून देतो.

तुझा,
काका