गाडी खराब निघाली, बँकेला का धरता?

दसरा-दिवाळीला सोयाबीनचे पैसे हातात आले की घरात जुन्या चारचाकीचा विषय निघतो. दिवाळी उलटली की तीच गाडी टोचन लावून गॅरेजात जाते आणि माझ्याकडे पत्रं सुरू होतात. ग्राहक आयोगात वकिली करताना हे दर वर्षीचंच झालंय. यंदा मात्र जो तो एकच विचारतोय, पैसे बँकेकडून परत मिळतील का? कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ आलाय म्हणे. ब्रिटनमध्ये 1974 च्या एका कायद्याने क्रेडिट कार्डावर घेतलेला माल सदोष निघाला तर कार्ड देणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरता येतं. व्हिडिओ तिकडचा असावा. आपल्याकडे तसा कायदा नाही.

प्रश्न : ऑटो कन्सल्टन्सीकडून 4 लाख 35 हजारांची डिझेल गाडी घेतली. पैसे आरटीजीएसने भरले. आठव्या दिवशी गिअरबॉक्स बसला. शेजारी म्हणतात, तीन दिवसांत बँकेला कळवलं असतं तर पैसे परत मिळाले असते. आता उशीर झाला का? (लातूर)

तिसऱ्या दिवशी गेला असतात तरी काही मिळालं नसतं, तेव्हा ती हळहळ सोडा. तुमच्या शेजाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक अर्धवट ऐकलंय. तुमच्या परवानगीशिवाय कुणी तिसऱ्याने खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही, असं ते आहे. तुम्ही तर स्वतः शाखेत जाऊन फॉर्म भरलात, सही केलीत. बँकेच्या दृष्टीने व्यवहार चोख झाला. आरटीजीएसने जमा झालेली रक्कम बँक आपल्या मनाने मागे आणू शकत नाही. पैसा कुठून कुठे गेला एवढं तिला कळतं, गिअरबॉक्स कसा होता ते कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर बँकेच्या सेवेतली चूक दाखवावी लागते आणि इथे ती नाही.

तुमचं भांडण कन्सल्टन्सीशी आहे. काय बिघडलं, केव्हा बिघडलं, तुम्हाला काय हवंय, हे तारखेनिशी लिहून आजच पाठवा. रजिस्टर एडी शोधत बसू नका, 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपून ठेवा. आरटीजीएसचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, त्या पत्रात घाला. बँकेचा तुम्हाला एवढाच उपयोग, पण तो मोठा आहे. पुढचं पाऊल वकिलाला कागद दाखवून टाका.

प्रश्न : मी यूपीआयने 90 हजार दिले. ॲपमध्ये ‘तक्रार नोंदवा’ आहे. तिथे लिहिलं तर परत येतील का? (परतूर)

नाही. पैसे कापले गेले पण समोर पोचले नाहीत, मुख्यतः अशा बिघाडासाठी ती सोय आहे. तुमचे पोचलेत.

प्रश्न : 50 हजार क्रेडिट कार्डावर स्वाइप केले, बाकीचे धनादेशाने दिले. गाडी पुराच्या पाण्यातली निघाली. विक्रेत्याने जाहिरातीत ‘पाण्यात न गेलेली’ असं लिहिलं होतं. कार्डाच्या बँकेकडे जाऊ का? (परभणी)

जा. सदोष गाडीच्या सगळ्या पत्रांत बँकेचं दार खरोखर उघडं असलेले तुम्ही एकटेच. याला चार्जबॅक म्हणतात. माल सांगितल्यासारखा निघाला नाही, या कारणावर कार्डाच्या बँकेमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागता येते. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादाला साधारण 120 दिवसांची मुदत असते. रुपेचे नियम वेगळे आहेत, म्हणून कोणतं कार्ड आहे ते सांगून बँकेकडून मुदत लेखी घ्या. आधी विक्रेत्याकडे पैसे मागितल्याचा आणि गाडी परत न्यायला सांगितल्याचा पुरावा लागेल. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या ती दिसणार नाही. सुरुवातीला बँकेने रक्कम जमा दाखवली तरी ती तात्पुरती असू शकते. विक्रेत्याने कागद दिले की पुन्हा वजा होते. आणि मिळाले तरी कार्डावरचे 50 हजारच मिळतील. धनादेशाच्या रकमेसाठी रस्ता ग्राहक आयोगाचाच.

2025 च्या सप्टेंबरात मांजरा आणि सिंदफणा या नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा अंगणातल्या गाड्या काही कोरड्या राहिल्या नाहीत. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्याच असणार. सीटकव्हर नवं असतं, आत अत्तराची बाटली लटकत असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. रोज वापरातला भाग स्वच्छ धुतलेला असतो, पण गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्टीवर गाळाची रेघ सापडते. फोटो काढा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल घ्या. चार्जबॅकलाही तोच लागेल.

प्रश्न : बँकेचं कर्ज काढून जुनी गाडी घेतली. बँकेचा व्हॅल्युअर स्वतः गाडी बघून गेला होता. आता इंजिन ऑइल पितंय. व्हॅल्युअरने पास केली म्हणजे बँकेने गॅरंटी घेतली ना? मी हप्ता थांबवलाय. (बीड)

हप्ता आधी भरा, मग पुढचं वाचा.

व्हॅल्युअर काय करतो ते तुम्ही पाहिलं असेल. चारही बाजूंनी फोटो, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने घासलेला ठसा, मीटरचं रीडिंग, टायर किती झिजलेत. उद्या तुम्ही कर्ज बुडवलंत तर गाडी विकून किती येतील, हे तो बँकेला सांगतो. तो बँकेचा माणूस आहे, अहवालही बँकेसाठी असतो. गाडी चांगली असल्याचा दाखला तुम्हाला कुणी दिलेला नाही.

कर्जाचा करार तुमच्यात आणि बँकेत आहे, विक्रीचा करार तुमच्यात आणि विक्रेत्यात. गाडी बंद पडली म्हणून पहिला करार बंद पडत नाही. हप्ता चुकला की क्रेडिट अहवालात नोंद होते, 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, वसुलीची माणसं दारात येतात. गाडी त्यांनी ओढून नेली तर जिच्यावर दावा उभा करायचा ती वस्तूच तुमच्या हातून गेली. हप्ता थांबवून बँकेला धडा शिकवायचा सल्ला कुणी दिला असेल, तर त्याला तुमचा हप्ता भरायला सांगा.

एक अपवाद आहे. कर्ज मंजूर झालंय पण रक्कम विक्रेत्याला गेलेली नाही, अशा वेळी दोष कळला तर त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन रक्कम थांबवायला सांगा, पोहोचेचा शिक्का घ्या. आणि बँकेने गाडी तुमच्या नावावर होण्याची खात्री न करताच पैसे सोडले असतील, तर बँकेलाही पक्षकार करायचं का, हे मंजुरीपत्र पाहून वकील सांगेल.

प्रश्न : जालन्यात गाडी घेतली, बाराव्या दिवशी पांढरा धूर टाकायला लागली. वेळ जाऊ नये म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडून घेतलं, 62 हजार खर्च झाला. आता गाडी नीट आहे. विक्रेत्याकडून किंवा बँकेकडून खर्च मिळेल का? (अंबड)

बँकेकडून नाही. विक्रेत्याकडून मिळणं तुम्ही स्वतःच अवघड करून ठेवलंय. हे कठोर वाटेल, पण अशी पत्रं मी इतकी वाचली आहेत की आता गोड बोलवत नाही.

दोष होता हे आयोगापुढे दाखवायचं कशावरून? तुम्ही म्हणता धूर होता. विक्रेता म्हणेल, गाडी ठणठणीत दिली, यांनी पाण्याविना पळवली, हेड गॅसकेट यांनीच घालवलं. कायद्यात सोय आहे. डोळ्यांनी ठरवता येत नाही असा दोष असेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतं. पण तपासायचं काय? गॅसकेट नवं, पिस्टन नवे, धूर गायब.

माझ्या एका अशिलाचं असंच झालं होतं. समोरच्या वकिलाने एकच विचारलं, “जुने पार्ट कुठे आहेत?” अशील म्हणाला, “भंगारवाल्याला दिले.” पुरावा म्हणून त्याच्याकडे मिस्त्रीची चिठ्ठी होती. बिस्किटाच्या पुड्याच्या आतल्या चंदेरी बाजूवर बॉलपेनने लिहिलेली, ‘इंजन काम, एकूण एवढे’. तारीख नाही, गाडीचा नंबर नाही, सही म्हणून एक वेलांटी. मिस्त्री खोटं बोलत नव्हता, पण ती चिठ्ठी दाखल करताना माझीच मान खाली गेली.

गाडीने त्रास दिला की ती जिथे आहे तिथे उभी करा. किल्ली फिरवून मीटरचा फोटो घ्या, धुराचा, गळतीचा, पेटलेल्या दिव्यांचा व्हिडिओ घ्या. विक्रेत्याला लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक सर्व्हिस सेंटरवर तपासणी आहे, स्वतः या किंवा माणूस पाठवा. तो येणार नाही. न येणं हेही तुमच्या कामाचं आहे. सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड घ्या. दोष किती जुना असावा, हे तंत्रज्ञाकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. पोट गाडीवरच असेल आणि दुरुस्ती टाळताच येत नसेल, तर हे सगळं झाल्यावर करा. उघडताना व्हिडिओ, जुने पार्ट पोत्यात घालून गाडीचा नंबर लिहून घरात. बायको कुरकुरेल, पोतं टाकू नका.

तुमच्या बाबतीत अजून थोडी आशा आहे. मिस्त्री प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल, पार्ट त्याच्याकडे पडून असतील, दुकानांची जीएसटी बिलं असतील, तर ती घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा. ‘बघू, संक्रांतीनंतर’ नको.

प्रश्न : पावतीवर ‘गाडी जशी आहे तशी, परत घेतली जाणार नाही’ असं छापलंय. शिवाय कन्सल्टंट म्हणतो, मी फक्त मध्यस्थ, मालक वेगळा. (नांदेड)

पावतीवर छापलं म्हणून दोष लपवायची मुभा मिळत नाही. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल तर 30 दिवस धरले जातात. मात्र जो दोष तुम्हाला दाखवला होता आणि ज्यासाठी किंमत कमी केली होती, त्यावर नंतर ओरडता येणार नाही.

मध्यस्थाचं म्हणाल, तर जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची रीतसर नोंद झाली की तोच मालक मानला जातो. अधिकारपत्राचा क्रमांक लेखी मागा. नसेल तर नांदेडच्या, म्हणजे एमएच 26 च्या, आरटीओत चौकशी करा. कमिशन घेतलंय, म्हणजे सेवा विकली आहे. पावती आणि पैसे गेलेल्या खात्याचं नाव वकिलाला दाखवा.

प्रश्न : गाडी गावातल्याच गुरुजींकडून घेतली. त्यांना आयोगात खेचता येईल का? (अहमदपूर)

स्वतःची एक गाडी विकणारा माणूस व्यापारी नव्हे. आयोग नाही. त्यांनी जाणून खोटं सांगितलं असेल तर दिवाणी दाव्याचा विचार करा, पण आधी गुरुजींशी बोला.

प्रश्न : विक्रेत्याला पुढच्या तारखेचा धनादेश दिलाय. स्टॉप पेमेंट करू? (वसमत)

वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. स्टॉप पेमेंट केलं म्हणून धनादेश न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलम 138 मधून सुटका होते, ही चौकातली समजूत आहे. त्या कारणाने परत गेलेल्या धनादेशावरही फौजदारी खटला चालतो. थांबवायचाच असेल तर दोषाचं लेखी पत्र आधी विक्रेत्याच्या हातात पडलेलं हवं आणि खात्यात पैसे असलेले हवेत. नोटीस आली तर पैसे द्यायला मिळाल्यापासून 15 दिवस असतात, ती उशाशी ठेवून झोपू नका.

प्रश्न : ‘मी फौजी आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात देतो’ अशी ऑनलाइन जाहिरात पाहून 35 हजार पाठवले. आता फोन बंद. (हिंगोली)

हे वाचत बसू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, मग बँकेला कळवा. इथे गाडी सदोष नाही, गाडीच नाही. ही सायबर फसवणूक आहे. पैसा समोरच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार पोचली तर तो गोठवता येतो. तासाभराने फरक पडतो आणि तुमचं पत्र पाच दिवसांपूर्वीचं आहे.

प्रश्न : गाडी पुण्यातून आणली, साडेचार लाखांची. तक्रारीसाठी पुण्याला चकरा माराव्या लागतील का? फी किती? (उदगीर)

नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे लातूरला, तक्रार चालते. 5 लाखांपर्यंत फी नाही. दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून दोन वर्षं थांबायचं नसतं.

प्रश्न : गाडी पसंत आहे. मेकॅनिकला दाखवू म्हटलं तर कन्सल्टंट म्हणतो, वेळ नाही, आजच टोकन द्या, नाहीतर संध्याकाळी गाडी जाईल. काय करू? (धाराशिव)

जाऊ द्या.