पुण्यात खोली घेऊन राहू का?

प्रश्न : माझा मुलगा यंदा पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेला आहे. आमचे गाव औसा तालुक्यात. त्याच्या अकरावी-बारावीची दोन वर्षे मी लातूरला खोली घेऊन राहिले. त्याला उठवणे, जेवणखाण, क्लासच्या वेळा, सगळे मीच पाहिले. आता तो तीन मुलांबरोबर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचे भाडे देऊन राहतो. सकाळी सहाला मी अजूनही फोन करून त्याला उठवते. मागच्या आठवड्यात तो रात्री फोनवर रडला आणि ‘मला परत यायचंय’ म्हणाला. पहिल्या चाचणीत गणितात 30 पैकी 11 गुण पडले. त्याच्या वडिलांच्या मते हा सगळा मोबाइलचा प्रताप आहे. मी पुण्यात खोली घेऊन राहू का? दिवाळीआधी फराळ पाठवला तर चालेल का?
— एक आई, लातूर जिल्हा

उत्तर : खोली घेऊ नका. तुमची माया कमी पडावी म्हणून हे सांगत नाही. लातूरला त्या दोन वर्षांत तुमच्या मुलाचा प्रत्येक तास दुसऱ्या कोणीतरी आखलेला होता. क्लास, सराव परीक्षा, चुका पाहणे, पुन्हा सराव, या चक्रात तो अभ्यास करायला उत्तम शिकला. पण कधी झोपायचे, आजारी वाटले तर कोणाला सांगायचे, तास बुडवावासा वाटला तर स्वतःला कसे आवरायचे, हे ठरवण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. ते शिक्षण आता अठराव्या वर्षी, एकदम आणि परक्या गावात सुरू झाले आहे. तुम्ही तिथे जाऊन राहिलात तर ते आणखी चार वर्षे पुढे ढकलले जाईल, एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट, सकाळचा सहाचा फोन बंद करा. मात्र अचानक नको. ‘सोमवारपासून तुझा तू उठ’ असे त्याला आधी सांगा. एखाद्या दिवशी तो झोपून राहील, पहिला तास बुडेल. बहुतेक महाविद्यालयांत 75 टक्के हजेरीची अट असते, तेव्हा दोन-चार तास बुडाल्याने आभाळ कोसळत नाही. पण तो हिशेब त्याने स्वतः ठेवायचा आहे.

रडण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. असे फोन बहुधा रात्रीच्या जेवणानंतर येतात. मेसची भाजी बेचव असते, खोलीतली इतर मुले आपापल्या मोबाइलमध्ये असतात आणि घरी या वेळी काय चालले असेल ते डोळ्यांसमोर येते. मूल दहा मिनिटे रडते, मोकळे होते आणि झोपते; इकडे आई मात्र पहाटेपर्यंत जागी. सकाळी तो मित्रांबरोबर पोहे खात असतो आणि तुम्ही बसचे आरक्षण पाहत असता. अशा वेळी तोडगा सुचवण्याची घाई करू नका. ‘ये परत’ म्हणू नका आणि ‘एवढा खर्च केलाय, रडतोस काय’ असेही म्हणू नका. ऐकून घ्या, आणि परत येण्याचा विषय दिवाळीच्या सुट्टीत समोरासमोर बसून बोलू, असे सांगा. तोवर त्याला तिथले वातावरण बरेचसे अंगवळणी पडलेले असेल. नसेल पडले, तर तेव्हा त्याचे म्हणणे खरोखरच ऐकावे लागेल, ही तयारीही ठेवा.

रडणे वेगळे आणि खचणे वेगळे. तो आठवडा-दोन आठवडे वर्गातच जात नसेल, जेवण-झोप सुटली असेल, फोन घेणे बंद केले असेल किंवा जगण्याविषयी निराश बोलत असेल, तर दिवाळीची वाट पाहू नका, मिळेल त्या गाडीने निघा. मानसिक आरोग्यासाठी असलेल्या टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, आणि ते पालकांनाही बोलता येते. रॅगिंगचा संशय असेल तर 1800-180-5522 हा देशपातळीवरचा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

30 पैकी 11 ची गोष्ट मोबाइलवर ढकलून सुटणार नाही. ज्याला मुले ‘एम-वन’ म्हणतात, तो पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर बारावीत नव्वदीत असलेल्यांनाही जड जातो. प्रवेश परीक्षेत पर्याय निवडायचे होते, इथे पायऱ्या लिहायच्या आहेत. समजा केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तरी तो विषय पुढच्या परीक्षेत सोडवता येतो. त्याच्या वडिलांनी त्याला एवढेच विचारावे, की शंका घेऊन सरांकडे गेला होतास का. क्लासमधल्या दीडशे मुलांत बसून हात वर न करण्याची सवय लागलेली असते.

वडिलांना करण्यासारखे खरे काम वेगळेच आहे, आणि ते तालुक्यातच आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज मुलगा भरेल, पण त्याला लागणारा उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो. तुम्ही अल्पभूधारक शेतकरी असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचीही चौकशी करा. पुण्यात बसलेल्या मुलाला या दाखल्यांसाठी तास बुडवून गावी यावे लागते. तो एक हेलपाटा तुम्ही वाचवू शकता.

पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेने पाठवा. मेस आणि खोलीभाडे त्यानेच चुकते करावे. पंचवीस तारखेला हात रिकामा झाला तर पाच दिवस वडापाववर काढू द्या. (आईला हे वाचवणार नाही, याची मला कल्पना आहे.)

आणि फराळ? अवश्य पाठवा, पण चौघांना पुरेल एवढा. डबा ट्रॅव्हल्सच्या गाडीत ठेवा आणि गाडीचा नंबर त्याला कळवा. पहाटे हडपसरला उभे राहून तो डबा त्याचा त्याला उतरवून घेऊ द्या. उठवायला फोन मात्र करू नका.